वळणाचा उतार आणि टायरची पकड
अमेरिकेतील नॅस्कार मालिकेच्या 2023 मधील निर्णायक शर्यतींना डार्लिंग्टनच्या 500 मैलांच्या शर्यतीने आरंभ झाला. ती काइल लार्सनने जिंकली. तेथे एका टोकाच्या वळणाची बाहेरची कड उचलून 25 अंशांचा उतार दिला आहे. का बरे? उतारामुळे रस्त्याच्या प्रतिक्रियेचा एक घटक केंद्राकडे वळतो व अभिकेंद्री बल पुरवतो. घर्षण नसल्यास,

वेगाचा वर्ग = त्रिज्या × गुरुत्वत्वरण × उतारकोनाचा टॅन्जंट

त्रिज्या 180 मीटर धरल्यास वेग ताशी सुमारे 103 किलोमीटर येतो. प्रत्यक्षात मोटारी कितीतरी अधिक वेगाने वळतात! उरलेले बल टायरचे घर्षण देते. खरखरीत रस्त्यावर टायर झिजले, की पकड घटते, आणि वेग न आवरल्यास मोटार बाहेरच्या भिंतीकडे सरकते. सूत्रात मोटारीचे वस्तुमान का नाही? विचार करा.