छापखान्यास काम देताना

खारदांड्यात लग्नसराई आली म्हणजे आमचे विद्यार्थी पत्रिकांचे नमुने घेऊन येतात, आणि ‘सर, कागद कोणता घ्यावा?’ असे विचारितात. त्यांच्याकरिता व त्यांच्या पालकांकरिता हे चार शब्द.

एक चौरस मीटर कागद जितके ग्रॅम भरतो, तो त्याचा जीएसएम. पुस्तकास ७० ते ८०चा कागद पुरतो. पत्रिकेच्या कार्डास २५० ते ३००चा लागतो. तुळतुळीत आर्ट पेपरवर चित्र खुलते खरे, पण त्यावर शाई लवकर सुकत नाही. ज्या पत्रिकेवर पाहुण्यांची नावे हाताने घालावयाची, तीस तो नको.

रंगांची गोष्ट मौजेची आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीस गेला. तेथे प्रत्येक रंगास निराळा दगड लागे, आणि एकाच कागदावर ते सारे एकामागून एक उमटवावे लागत. आज आकाशी, किरमिजी, पिवळा व काळा या चारांत बहुतेक काम भागते. तथापि ऑफसेटवर प्रत्येकाची प्लेट निराळीच. प्लेटांचा खर्च १०० प्रतींस व १,००० प्रतींस सारखाच, म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. पन्नास-शंभरच हव्या असतील तर प्लेटेवाचून छापणारे डिजिटल यंत्र बरे.

प्रूफ मात्र वाचल्यावाचून सही करू नये. एका बक्षीस समारंभाच्या वेळी आम्ही घाईने सही केली, आणि पत्रिकेत वार चुकला. छापखान्यास बोल कसा लावावा? ३०० पत्रिकांवरील वार मुलांनी दोन दिवस बसून दौत-टाकाने सुधारिला. कागद आर्ट पेपर होता.