८८३ पौंडांचा मासा आणि एक छोटंसं लायसन्स: टीमला स्पर्धेसाठी कसं तयार करायचं?

मागच्या व्हिडिओत आपण टीमची कामं कशी वाटायची ते पाहिलं. आज त्याचा पुढचा धडा. उदाहरण थोडं वेगळं आहे, समुद्रातलं. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तुमचा वडापावचा गाडा असो, टूरिस्ट बोट असो की केटरिंग, धडा सगळ्यांना लागू आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात मोरहेड सिटी नावाचं बंदर आहे. तिथे १९५७ पासून 'बिग रॉक' ही ब्लू मार्लिन मासा पकडण्याची स्पर्धा भरते. २०१० मध्ये 'सायटेशन' नावाच्या बोटीने ८८३ पौंडांचा, म्हणजे जवळपास ४०० किलोचा मार्लिन आणला. स्पर्धेच्या इतिहासातला तोपर्यंतचा सर्वांत मोठा मासा. बक्षीस ९ लाख १२ हजार ८२५ डॉलर, त्या वेळच्या हिशोबाने चार कोटी रुपयांच्या वर.

ते बक्षीस त्यांना मिळालं नाही. का? बोटीवरच्या एका खलाशाकडे राज्याचं मासेमारीचं लायसन्स नव्हतं. त्याने ते काढलं, पण मासा हाती आल्यावर. लायसन्सची फी अगदी किरकोळ. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पहिला नंबर मात्र ५२८ पौंडांच्या माशाला मिळाला.

आता हसू नका. माझ्याबाबतीतही हेच झालंय. आमचं कोकम आगळ आणि मसाल्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका प्रदर्शनात मी स्टॉल घेतला. माल भरला, बॅनर छापले, भाच्याला तीन दिवस बोलायची प्रॅक्टिस दिली. पहिल्याच सकाळी आयोजकांनी फूड रजिस्ट्रेशनची कॉपी मागितली. फाईलमध्ये होती ती मुदत संपलेली. वर्षाला १०० रुपये फीचं ते रजिस्ट्रेशन! मला वाटलं भाच्याने बघितलं असेल, त्याला वाटलं मामाने बघितलं असेल. शनिवारचा अख्खा दिवस स्टॉल झाकून बसलो. समोरून गर्दी जात होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. चूक भाच्याची नव्हती. "हे कोण बघणार?" हे मीच ठरवलं नव्हतं.

रोजचा धंदा आणि स्पर्धेचा दिवस यात फरक काय?

चार्टर बोट म्हणजे गिऱ्हाइकाला मासेमारीसाठी भाड्याने नेणारी बोट. कॅप्टन (आपल्याकडचा तांडेल म्हणा) आणि एक-दोन खलाशी. गिऱ्हाईक बहुतेक वेळा नवखं. त्यामुळे चांगला खलाशी काय करतो? आमिष लावतो, मासा लागला की रॉड स्वतः धरतो, हुक नीट बसवतो आणि मग रॉड पाहुण्याच्या हातात देतो. पाहुणा दमला की पुन्हा हात लावतो. पाहुणा खूश, टिपही चांगली.

मोठ्या स्पर्धा बहुतेक करून आयजीएफए या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांवर चालतात. तिथला नियम साफ आहे: मासा लागल्यापासून तो बोटीत घेईपर्यंत किंवा सोडेपर्यंत रॉड, रीळ किंवा दोरीला स्पर्धकाशिवाय दुसऱ्या कोणी हात लावला, तर मासा बाद; लीडर मात्र खलाशाने धरलेला चालतो. (लीडर म्हणजे हुकच्या जवळची जाड दोरी. हुकला कोकणात आपण गरी म्हणतो.)

लक्षात आलं? जी सवय रोजच्या धंद्यात 'उत्तम सर्व्हिस' आहे, तीच स्पर्धेच्या दिवशी बक्षीस घालवते. खलाशी कामात कच्चा नसतो, उलट फार तत्पर असतो. म्हणून टीमला मासा पकडायला शिकवावं लागत नाही, ते त्यांना येतंच. पकडलेला मासा मान्य कसा होईल, हे शिकवावं लागतं. आजचा मुख्य मुद्दा हाच. आता स्टेप बाय स्टेप बघू.

स्टेप १: एका कामाला एकच नाव

'सगळ्यांनी लक्ष ठेवा' म्हणजे कोणीच लक्ष ठेवणार नाही. कागदावर असं लिहा:

- कॅप्टन: बोट चालवणं, घड्याळ, स्पर्धेच्या कंट्रोलला रेडिओवर कळवणं, अंतिम निर्णय.
- पहिला खलाशी: लीडर हातात घेणं. हातमोजे त्याचेच, दुसऱ्याने घालायचे नाहीत.
- दुसरा खलाशी: मासा लागताच बाकीच्या दोऱ्या गुंडाळून जागा मोकळी करणं, नंतर मासा ओढायचा आकडा किंवा मासा सोडायचा असेल तर व्हिडिओ कॅमेरा.
- स्पर्धक: फक्त रॉड.

आणि प्रत्येकाला एक 'हे करायचं नाही' सांगा. पहिल्या खलाशाने काय करायचं नाही? रॉडला हात. कितीही वाटलं तरी!

स्टेप २: कागदांची फाईल आदल्या आठवड्यात

बोटीचं परमिट, कॅप्टनचं लायसन्स, प्रत्येक माणसाचं मासेमारीचं लायसन्स, स्पर्धेचा एंट्री फॉर्म, नियमांची छापील प्रत. ऐनवेळी बदली खलाशी आला तर? त्याचे कागद बघितल्याशिवाय त्याने बोटीवर पाय ठेवायचा नाही. बदली माणसाच्या वेळी फाईल बघायचं राहून जातं, हा अनुभव तुम्हालाही असेल. फाईल एकाने बनवायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. आम्ही हे केलं असतं तर तो शनिवार वाया गेला नसता.

स्टेप ३: सामानाला टेप आणि काटा लावा

अंदाज नको, माप हवं. २० पौंडांपेक्षा जास्त ताकदीच्या दोरीला आयजीएफएच्या नियमात लीडर जास्तीत जास्त ३० फूट आणि आकड्याची एकूण लांबी ८ फूट चालते. खलाशी रोज जो आकडा वापरतो तो ९ फुटांचा निघाला तर? म्हणून धक्क्यावरच टेप लावून मोजा.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर अशा स्पर्धांत खरं आमिष लावायचं असेल तर गोल वळणाचा 'सर्कल हुक'च लागतो, कारण सोडलेला मासा जगावा हा हेतू आहे. रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, स्प्रिंगच्या काट्याने बघतात. ८० पौंडांच्या दोरीला साधारण २५ पौंडांवर सेट करतात. जास्त घट्ट केला तर दोरी तुटते, फार सैल ठेवला तर हुक बसत नाही.

माशाचंही माप आहे. तिथल्या कायद्याने ब्लू मार्लिन ठेवायचा असेल तर खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान ९९ इंच लागतो, आणि स्पर्धेची अट याहून कडक असू शकते. म्हणून मासा आत घ्यायचा की सोडायचा, हे तो पाण्यात असतानाच ठरवावं लागतं. ठरवणारा एकच: कॅप्टन.

स्टेप ४: रंगीत तालीम, तीही घड्याळ लावून

बोट धक्क्याला बांधलेली असतानाच तालीम घ्या. कॅप्टन ओरडतो, "डावीकडे लागला!" स्पर्धक खुर्चीत, दुसरा खलाशी दोऱ्या गोळा करतो, पहिला हातमोजे घालतो. किती सेकंद लागले ते लिहा. दहा वेळा करा. मग मुद्दाम गोंधळ घाला: दोन मासे एकदम लागले, दोरी अडकली, स्पर्धक "मला जमत नाही, धर!" म्हणाला. तेव्हा खलाशाचा हात आपोआप पुढे जातो का, ते बघा. जात असेल तर तालीम अजून हवी.

स्पर्धक जर तुमचं गिऱ्हाईक असेल तर त्याच्यासाठीही धक्क्यावर अर्धा तास ठेवा. "आज आम्ही तुम्हाला रॉडला मदत करणार नाही, केली तर तुमचंच नुकसान," हे आधीच सांगा. समुद्रात सांगितलं तर भांडण होतं.

वेळेचं तर फारच जपा. २०१६ मध्ये मेरीलँड राज्यातल्या 'व्हाइट मार्लिन ओपन'मध्ये सुमारे २८ लाख डॉलरचं बक्षीस अडकलं. सकाळी साडेआठच्या आधी गळ पाण्यात टाकायचा नाही असा नियम होता. आयोजकांनी विजेत्याची लाय डिटेक्टर टेस्ट घेतली, त्यावर वाद झाला, आणि २०१७ मध्ये फेडरल कोर्टाचा निकाल विजेत्याच्या विरोधात गेला. म्हणून एकच घड्याळ अधिकृत ठरवा. किती वाजता गळ टाकला, किती वाजता मासा लागला, हे त्याच वेळी वहीत लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वहीला किंमत नसते.

स्टेप ५: पैसा आधी बोला

इथे आपली माणसं लाजतात. एंट्री फी, डिझेल, आमिष, बर्फ, खलाशांची मजुरी हा खर्च बक्षीस न मिळताही होणारच. तो 'गेला' असं धरून हिशोब करा. कर्ज काढून बक्षिसाच्या भरवशावर उतरू नका.

कारण सगळं बरोबर करूनही हरता येतं. २०२३ मध्ये त्याच 'बिग रॉक' स्पर्धेत शेवटच्या दिवशी 'सेन्सेशन' बोटीने ६१९.४ पौंडांचा मार्लिन आणला. कित्येक तास झुंज चालली होती. पण माशाला शार्कने चावल्याच्या खुणा होत्या. बोटीत घेण्याआधी दुसऱ्या प्राण्याने मांस तोडलेला मासा नियमाने बाद. सुमारे ३५ लाख डॉलर गेले, पहिला नंबर ४८४.५ पौंडांच्या माशाला. यात टीमची काय चूक? काहीच नाही. शार्कवर आपला कंट्रोल नाही. लायसन्सवर आहे. २०१० आणि २०२३ मधला हा फरक टीमला समजावून सांगा. पहिल्या प्रकारची हार झाली तर आपली यादी सुधारायची. दुसऱ्या प्रकारची झाली तर कोणावरही न ओरडता सगळ्यांना जेवायला घालायचं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं.

बक्षीस मिळालं तर मालक, कॅप्टन, खलाशी यांचा वाटा किती, हे बंदर सोडण्याआधी कागदावर लिहून सह्या घ्या. जिंकल्यावर वाटा ठरवायला बसलात तर चांगली टीम फुटते.

आता तुमच्या धंद्याकडे या

तुमचा 'स्पर्धेचा दिवस' कोणता? गणपतीतली मोदकांची मोठी ऑर्डर, कंपनीचं पहिलं टेंडर, लग्नाचं ५०० पानांचं केटरिंग, सरस प्रदर्शनातला स्टॉल. होमवर्क म्हणून आज रात्री वही घ्या आणि पाच उत्तरं लिहा:

१. त्या दिवशीचं प्रत्येक काम कोणाच्या नावावर आहे?
२. कोणते कागद लागतात, त्यांची मुदत कधी संपते, आणि ते दुसऱ्या कोणी तपासले का?
३. रोजची कोणती चांगली सवय त्या दिवशी नडेल? (उदाहरणार्थ, दुकानात आपण ओळखीच्या गिऱ्हाइकाला हाताने थोडं जास्तच घालतो. टेंडरच्या मालाला वजन काट्यावर अचूकच लागतं.)
४. तालीम कधी घेणार? तारीख आणि वेळ लिहा.
५. ऑर्डर गेली तर किती रुपये बुडतील, आणि तेवढे झेपतील का?

तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा तुमच्या हाताखालच्या माणसाला जास्त माहीत असतं, म्हणून त्याला शेजारी बसवून विचारा. मी हल्ली प्रत्येक प्रदर्शनाआधी भाच्याला विचारतो, "फाईल कोणी बघितली?" तो म्हणतो, "मामा, मी बघितली. आता तुम्ही सही करा."

तुमची पाच उत्तरं लिहून झाली की कमेंटमध्ये नक्की टाका, पुढच्या व्हिडिओत आपण त्यातली काही घेऊ. भेटू पुढच्या धड्यात.