जहाजातून किनाऱ्यावर

सैन्य घेऊन महासागर ओलांडणे कठीण खरे. परंतु अखेरचे काही शे यार्ड ओलांडणे त्याहूनही कठीण होय. मोठ्या जहाजास खोल पाणी लागते, आणि शत्रूच्या मुलखात आपल्याकरिता धक्का मोकळा कोण ठेवणार? ही अडचण ज्या जहाजांनी दूर केली, त्यांची ओळख येथे थोडक्यात करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला प्रकार लहान होडीचा. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स शहरी अँड्र्यू हिगिन्स नामक कारखानदार दलदलीच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या बांधीत असे. त्यांवरूनच दुसऱ्या महायुद्धातील 'हिगिन्स बोट' निघाली. तिची लांबी सुमारे ३६ फूट असून तीत ३६ शिपाई मावत. मोठे जहाज दूर खोल पाण्यात उभे राही व शिपाई दोरांच्या जाळ्यांवरून होडीत उतरत. होडीची पुढील बाजू म्हणजे एक उघडता येणारी फळीच असे. वाळूस टेकताच ती खाली पडे आणि तिजवरून शिपाई किनाऱ्याकडे धाव घेत.

दुसरा प्रकार रणगाडे उतरविणाऱ्या 'एल. एस. टी.' जहाजाचा. हे जहाज ३२८ फूट लांब. येथे एक कोडे होते. भर समुद्रात स्थिर चालण्यास जहाज खोल बसले पाहिजे. किनाऱ्यास लागण्यास ते उथळ तरंगले पाहिजे. १९४१ साली जॉन नीडरमायर या अमेरिकन तज्ज्ञाने हे कोडे सोडविले. प्रवासात जहाजाच्या टाक्या समुद्राच्या पाण्याने भरावयाच्या व किनारा जवळ येताच त्या उपसून टाकावयाच्या! मग जहाज पुढील तोंडाशी सुमारे ४ फूट पाण्यातही तरंगे. वाटेत पिछाडीचा नांगर टाकून ठेवीत. तोंडाचे दरवाजे उघडून रणगाडे उतरले, म्हणजे त्याच नांगराचा दोर ओढून जहाज मागे निघे.

तिसऱ्या प्रकारात जहाजाच्या पोटातच गोदी असते. पिछाडीच्या टाक्यांत पाणी घेऊन जहाज किंचित बुडवितात, गोदीत पाणी शिरते, आणि आत ठेवलेल्या होड्या तरंगत बाहेर पडतात. अशा जहाजावरून हेलिकॉप्टरेही उडतात.

तथापि यंत्र कितीही उत्तम असो, पाण्याची खोली न जाणणाऱ्यास ते तारीत नाही. २० नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिक महासागरातील तारावा येथे अमेरिकन सैन्य उतरू लागले. किनाऱ्यापुढे पोवळ्यांचा खडक होता. त्या बेटांवर अनेक वर्षे राहिलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने भरती अपुरी पडेल असे बजाविले होते. तरीही बेत पुढे रेटला गेला. भरती खरोखरच अपुरी पडली. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी वाहने खडक ओलांडून गेली, परंतु होड्या त्यावर अडकल्या. गोळ्यांच्या वर्षावात शिपायांना शेकडो यार्ड पाण्यातून चालत जावे लागले. त्या लढाईत सुमारे १,००० अमेरिकन व त्यांच्या कितीतरी पट जपानी पक्षाकडील माणसे प्राणास मुकली. त्यानंतर पाण्याखालील खडकांची आगाऊ पाहणी करण्यासाठी पाणबुड्यांची पथके वाढविण्यात आली. हे शहाणपण फार महाग पडले. जाणत्याचे बोल वेळीच ऐकणे किती मोलाचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता एक समाधानाची गोष्ट सांगून लेख संपवितो. भारतीय आरमाराने २००७ साली तिसऱ्या प्रकारचे एक जहाज अमेरिकेकडून घेऊन त्यास 'जलाश्व', म्हणजे पाणघोडा, असे नाव दिले. मे २०२० मध्ये महामारीमुळे मालदीव बेटांत अडकून पडलेल्या ६९८ देशबांधवांस याच जहाजाने कोचीच्या बंदरी सुखरूप आणिले. तलवारींचे नांगर होतील असा दिवस यशया संदेष्ट्याने दृष्टान्तात पाहिला होता. युद्धासाठी बांधलेले जहाज जेव्हा माणसांस घरी पोहोचविते, तेव्हा त्या दिवसाचा एक किरण आपल्याही दृष्टीस पडतो, असे आम्हांस वाटते.