घरच्या संगणकावर स्वरलेखन : निवड आणि खर्च

जबलपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने जबलपूर परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर पेटी, तंबोरा व बंदिशींच्या वह्याही आल्या. शहरालगतच्या महाराजपूरसारख्या वस्तीतील एखाद्या घरी आजही आजोबांच्या हातची वही कपाटात जपून ठेवलेली असते. शाई फिकी होत जाते, कागद कडेने झिजतो. ही वही संगणकावर उतरवावी असे नातवंडांच्या मनात येते आणि पहिला प्रश्न उभा राहतो : त्यासाठी कोणती संगणक-प्रणाली घ्यावी आणि तिच्यावर किती खर्च करावा?

आधी लिपी ठरवावी

प्रणालीचा विचार करण्यापूर्वी आपल्याला कोणत्या लिपीत लिहायचे आहे, हे निश्चित करणे आवश्यक आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रूढ केलेल्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू आणि तार स्वरावर बिंदू देतात. एका मात्रेत अनेक स्वर आल्यास त्यांच्याखाली कंस काढतात. समेला गुणिलेची खूण आणि खालीला शून्य असते. त्यांच्या मूळ मराठी ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग याच पद्धतीने लिहिलेले आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांच्या पद्धतीतील खुणा वेगळ्या आहेत. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी तर सर्वस्वी निराळी. गिटार, व्हायोलिन, की-बोर्ड किंवा वृंदवादन शिकणाऱ्यास तीच लागते.

बाजारात नावाजलेल्या बहुतेक प्रणाली पाच रेघांच्या लिपीसाठी घडवलेल्या आहेत. केवळ बंदिशींची वही उतरवावयाची असेल, तर महागडी प्रणाली घेऊन हाती फारसे काही लागत नाही. खर्च वाचवण्याची पहिली संधी येथेच आहे.

भातखंडे लिपीसाठी

तालबद्ध बंदीश म्हणजे मुळात एक तक्ताच होय. त्रितालाच्या १६ मात्रांना १६ रकाने, एकतालाला १२, रूपकाला ७. वरच्या ओळीत स्वर, खालच्या ओळीत शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. लिब्रे ऑफिससारख्या मोफत प्रणालीतील तक्ता या कामास पुरेसा पडतो. विभागाच्या सीमेवर ठळक उभी रेघ दिली की पान सुवाच्य दिसते.

स्वरांच्या खुणांसाठी दोन मार्ग आहेत. पहिला युनिकोडचा. देवनागरीच्या संचात वैदिक स्वरांसाठी खालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ ही चिन्हे आहेत. ती अनुक्रमे कोमल व तीव्र दाखवण्यास चालतात. तार स्वराला अनुस्वार आणि मंद्र स्वराला नुक्ता वापरता येतो. मात्रेखालचा कंस व मींड मात्र अशा रीतीने नीट साधत नाहीत.

दुसरा मार्ग खास स्वरलिपीच्या फाँटचा. ‘ओमे भातखंडे’ हा त्यांपैकी एक. अशा फाँटमध्ये सर्व खुणा नेटक्या उमटतात. पण ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे तीच फाइल निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उघडू शकते. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली पत्रे पुढे कोणालाच वाचता आली नाहीत, हा अनुभव अनेक कार्यालयांनी घेतलेला आहे. म्हणून मूळ फाइलीबरोबर पीडीएफ प्रत अवश्य ठेवावी.

पाच रेघांच्या लिपीसाठी

येथे ‘म्यूझस्कोर’ हे नाव प्रथम घ्यावे लागते. ही मुक्त प्रणाली असून तिला परवाना शुल्क नाही. तिची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. लिहिलेली स्वरावली संगणक वाजवून दाखवतो, त्यामुळे चूक कानाला लगेच कळते. संपूर्ण रचना एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेता येते. गायकाची पट्टी काळी एक आणि वादकाची पांढरी एक असल्यास ही सोय फार उपयोगी ठरते. स्वरांखाली गीताच्या जागी देवनागरीत ‘सा रे ग’ लिहिता येत असल्याने दोन्ही लिपी एकाच पानावर आणता येतात. घरचा संगणक जुना असेल, तर तिसरी आवृत्ती तुलनेने हलकी आहे.

‘लिलिपाँड’ ही प्रणालीही मोफत आहे. तिच्यात स्वर मजकुराच्या रूपात टंकावे लागतात आणि छपाईयोग्य पान ती स्वतः तयार करते. शिकण्यास ती कठीण. पण पान अतिशय देखणे येते. ‘सिबेलियस’ व ‘डोरिको’ या व्यावसायिक प्रणालींच्या मर्यादित सोयींच्या मोफत आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्यावर हात बसल्याशिवाय मोठ्या आवृत्तीचा विचार करू नये.

‘फिनाले’चा धडा

१९८८ पासून प्रचारात असलेली ‘फिनाले’ ही या क्षेत्रातील अग्रगण्य प्रणाली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्या निर्मात्यांनी तिचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले. पैसे मोजून घेतलेल्या प्रणालीवर वर्षानुवर्षे काम केलेल्या संगीतकारांपुढे जुन्या फाइली दुसरीकडे नेण्याचा प्रश्न उभा राहिला. ज्यांनी आपले काम ‘म्यूझिक एक्सएमएल’ या सामायिक स्वरूपातही साठवले होते, त्यांची वाट सोपी झाली. कारण हे स्वरूप बहुतेक सर्व प्रणाली वाचू शकतात.

यावरून निवडीची कसोटी स्पष्ट होते. प्रणाली महाग की स्वस्त, यापेक्षा आपले काम तिच्यातून बाहेर काढता येते का, हे आधी पाहावे. ठेव ठेवताना ती परत कशी मिळेल हे सुज्ञ ठेवीदार विचारतोच. आयुष्यभराचे स्वर ठेवतानाही तेच विचारावे.

पैसे देताना

मोफत प्रणाली तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. म्यूझस्कोर प्रणालीला पैसे पडत नाहीत. मात्र त्याच नावाच्या स्वरलेख-संग्रहाला वर्गणी आहे. दोहोंत गल्लत होऊन नकळत वर्गणीदार होण्याचा संभव असतो. ‘काही दिवस विनामूल्य’ अशा योजनेत कार्डाचा तपशील दिला, तर मुदत संपताच रक्कम वळती होऊ शकते. कार्डावरील अशा आवर्ती वसुलीसाठी २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान २४ तास आधी पूर्वसूचना देणे अपेक्षित आहे. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये. डॉलरमधील किमतीत विनिमय दर आणि बँकेचे शुल्क मिळवूनच खरा खर्च काढावा.

प्रारंभ असा करावा

आधी वहीच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. मग एकच बंदीश निवडून ती तक्त्यात व म्यूझस्कोरमध्ये अशी दोन्ही प्रकारे लिहून पाहावी. जी पद्धत घरातल्यांना सहज वाचता येईल, ती कायम करावी. लिहिलेले जाणकाराकडून तपासून घ्यावे. कारण कागदावरील पुसट बिंदू सुटला, तर तार षड्ज मध्य सप्तकात उतरतो. वहीत हयात गुरूंच्या रचना असतील, तर त्या प्रसृत करण्यापूर्वी त्यांची अनुमती घ्यावी. तयार फाइलींच्या दोन प्रती दोन निराळ्या जागी ठेवाव्यात.

एवढे करूनही कण, मींड, आंदोलन यांचे पूर्ण रूप कोणत्याही लिपीत मावत नाही. म्हणून घरात ती बंदीश गाऊ शकणारे कोणी असेल, तर त्यांच्या आवाजात ती ध्वनिमुद्रित करून त्याच पानाशेजारी साठवावी. या कामाला एक रुपयाही लागत नाही. मात्र ते पुढे ढकलण्यासारखे नाही.