चेल्टनहॅमचा बुकी आणि तुमचं मार्जिन

आज आपण शर्यतीच्या मैदानावर जाणार आहोत. बेटिंग शिकायला नाही, मार्जिन समजून घ्यायला.

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला दर मार्चमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींचा मोठा महोत्सव भरतो. चार दिवस, 28 शर्यती, शेवटच्या दिवशी गोल्ड कप. तिथे 3/1 भाव म्हणजे 1 पौंड लावा. घोडा जिंकला तर 3 पौंड नफा आणि तुमचा 1 पौंड परत. या भावात घोड्याची शक्यता धरलीय चारात एक, म्हणजे 25 टक्के.

आता समजा, चार घोडे धावतायत. भाव आहेत 1/1, 3/1, 3/1 आणि 9/1. टक्के काढा: 50, 25, 25, 10. बेरीज किती? 110! खरी शक्यता तर 100 च असते. वरचे 10 हेच बुकीचं मार्जिन.

बुकीकडे या घोड्यांवर अनुक्रमे 50, 25, 25 आणि 10 पौंड आले, तर जमा 110. कोणताही घोडा जिंकू दे, देणं 100 च. म्हणजेच चारही घोड्यांवर तुम्हीच पैसे लावलेत, तरी 10 पौंड गेलेच!

पण सगळे पैसे एकाच घोड्यावर आले आणि तोच जिंकला, तर बुकीही बुडतो. म्हणून तो त्या घोड्याचा भाव लगेच उतरवतो.

आपण काय घ्यायचं? दर ठरवतानाच मार्जिन धरा, "विकल्यावर बघू" नको. एकाच गिऱ्हाइकावर धंदा टांगू नका. आणि भांडवल शर्यतीवर तर अजिबात लावू नका. तिथलं मार्जिन तुमच्याच खिशातून जातं.