तारा ओढण्याआधी फोटो काढा

जळालेला ऊस उभाच असतो. पाचट जळतं, वाढे जळतात, कांडी काळी पडते. पण लांबून बघणाऱ्याला रान रिकामं दिसत नाही. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. ‘ऊस कारखान्याला गेला ना काका? मग नुकसान कसलं?’ हे मला आधी वीज कंपनीच्या कनिष्ठ अभियंत्याने विचारलं, मग त्यांच्या वकिलाने, आणि खरं सांगायचं तर आमच्या भावकीतल्या एकानेही.

कृष्णाकाठचा आमचा आडसाली ऊस तोडीला आला होता आणि त्यावरून अकरा केव्हीची लाइन जाते. शेतातून जाणारी अशी उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच हवी, असा सुरक्षेचा नियम आहे. पोसलेला ऊस वाढ्यासकट चार मीटरच्या आसपास जातो. तारांना झोळ पडला की मधे राहतं ते नावापुरतं अंतर. त्या दुपारी वारं सुटलं, दोन तारा एकमेकींवर आपटल्या आणि ठिणग्या पाचटावर पडल्या. शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी कंपनीची गँग आली. त्यांनी तारा ओढल्या, मधे स्पेसर टाकले, वाकलेला खांब सरळ केला. एरवी वर्षानुवर्षं न होणारं काम तासाभरात उरकलं. गावाला बरंच वाटलं, कारण पाण्याची पाळी अडली होती. पण झोळ हाच तर पुरावा होता, आणि तो सगळ्यांच्या संमतीने पुसला जात होता. काम अडवून ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही, पिकं वाळतात. पुतण्याने गँगला दहा मिनिटं थांबायला सांगून व्हिडिओ काढला: खांबाचा नंबर, तारांची उंची, तारेवरचे जळाल्याचे काळे डाग, खालचा ऊस, सगळं एका सलग चित्रणात. पुढे कितीतरी कागद गोळा केले, पण कंपनीच्या वकिलाला बोलता बोलता थांबवलं ते या व्हिडिओने.

पंचनाम्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण अर्ध्या लोकांची केस तिथेच पडते. पंचनामा लिहिणाऱ्याला घाई असते आणि ‘अज्ञात कारणाने आग लागून’ हे शब्द त्याच्या पेनातून आपोआप उतरतात. त्याखाली पंचांच्या सह्या झाल्या की ‘अज्ञात’ हे कारण तुमच्या गळ्यात पडतं. भांडू नका, पण सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. ‘शॉर्टसर्किटने’ असं लिहाच, असा हट्टही धरू नका. ‘तुम्ही काय तज्ज्ञ आहात का’ असं पंचांना पुढे विचारलं जातं. दिसतं ते लिहू द्या: आग कोणत्या दोन खांबांच्या मधून सुरू झाली, वारं कुठल्या दिशेचं होतं, तार किती खाली होती, किती गुंठे जळालं, ठिबकच्या नळ्या आणि पाइप किती वितळले, कुणी काय पाहिलं. तलाठ्याचा पंचनामा झाला तरी पोलिसांत जळिताची नोंद वेगळी करावी लागते. एकावर भागत नाही.

त्यानंतर विद्युत निरीक्षक. हे अधिकारी सरकारचे असतात, कंपनीचे नव्हेत, आणि हाच फरक अनेकांना ठाऊक नसतो. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या, प्रतीवर आवक शिक्का घ्या. दोष कुणाचा, हे त्यांच्या अहवालात आलं की कंपनीला ते खोडणं जड जातं. उपकेंद्राची त्या दिवशीची लॉगशीट माहितीच्या अधिकारात मागवा. फिडर किती वाजता ट्रिप झाला, याची नोंद तिथे असते. आमचा फिडर बायकांनी सांगितलेल्या वेळेलाच ट्रिप झालेला निघाला. ‘शेजाऱ्याने पाचट पेटवलं असेल’ हा कंपनीचा युक्तिवाद त्यानंतर पुन्हा ऐकू आला नाही.

दुसऱ्याच्या माथी मारण्याचा प्रकार जुनाच आहे. मध्य प्रदेशात तुटलेल्या तारेवरून सायकलस्वार गेला आणि दगावला, तेव्हा कुणीतरी आकडा टाकला होता म्हणून तार सुटली, असं तिथल्या वीज मंडळाने सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ते मान्य केलं नाही. इतकी धोकादायक वस्तू जो वाहून नेतो, जबाबदारी त्याची. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असेलच. नसेल तर वकील बदलण्याचा विचार करा.

आता नुकसानाचा आकडा. अंदाजपंचे लाखाची मागणी करणाऱ्यांच्या हाती बहुधा थोडंच लागतं. त्याच रानाच्या आधीच्या हंगामांतल्या वजनपावत्या काढा. सातबारावरची पीकनोंद, कारखान्याची लागण नोंद आणि जळीत उसाची या वर्षीची पावती जोडा. टनेजमधली घट, कारखान्याने केलेली जळीत कपात आणि ठिबकची बिलं मिळून आकडा उभा राहतो. ‘ऊस गेला ना’ या प्रश्नाचं उत्तरही हेच. बुडख्याला झळ लागून खोडवा फुटला नाही, तर त्याचे फोटो आणि कृषी सहायकाचा दाखला नंतर वेगळा घ्यावा लागतो, कारण ते पहिल्या आठवड्यात कळतच नाही.

त्याच दिवशी आमची डीपीही जळाली आणि शेजारच्या लागणीचं पाणी थांबलं. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं, असं राज्य वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांत आहे. ती मुदत केव्हाच उलटली होती. या उशिराची भरपाई तासावर ठरलेली असते आणि ती किरकोळ असते, तरी मागायचीच, लेखी आणि दोन महिन्यांच्या आत. उशीर झाला हे त्यामुळे कागदावर येतं.

मोठ्या रकमेसाठी दोन वाटा आहेत. एक ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तिथे वकील लागत नाही, निकाल नाही पटला तर पुढे विद्युत लोकपाल असतात. पण मंच फक्त थेट नुकसानाची भरपाई देऊ शकतो. पाण्याअभावी गेलेलं उत्पन्न, हुकलेला नफा, हे अप्रत्यक्ष म्हणून नियमानेच बाहेर राहतं. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. मानसिक त्रास आणि खर्चही तिथे मागता येतो. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नसतं, सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर असतं, त्यामुळे शेतीच्या वीजबिलावर ते बहुधा शून्यच येतं. दोन्हींकडे मुदत दोन वर्षांची. एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका, आयोगात प्रकरण चालू असेल तर मंच ते घेत नाही. आम्ही दुसरी वाट धरली.

तिथे पहिल्याच तारखेला हरकत आली: कनेक्शन आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, मग हे ग्राहक कसे? वारसनोंद, सातबारा आणि बिलं आम्हीच भरत आल्याच्या पावत्या दाखवून ते निभावलं. पण आपल्याकडे निम्म्या विहिरींवरची कनेक्शनं स्वर्गवासी माणसांच्या नावावर आहेत. ज्यांचं तसं असेल त्यांनी आग लागायची वाट न बघता नाव बदलून घ्यावं.

मधल्या काळात साहेब घरी येऊन गेले. ‘थोडेफार देतो, तक्रार नाही म्हणून लिहून द्या.’ तडजोड वाईट नसते, पण रक्कम खात्यावर जमा होण्याआधी ‘तक्रार नाही’ लिहून देणं वाईटच. मी चहा दिला, सही दिली नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला आणि कंपनी राज्य आयोगात अपिलात गेली. अपील करताना आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते, तेवढी त्यांनी भरली आहे. उरलेली कधी मिळेल हे वकिलालाही सांगता येत नाही. पावत्यांच्या झेरॉक्स अपिलाच्या फाइलला लागल्या आहेत, मूळ कागद मात्र मी घरीच ठेवलेत.