मोटार भरणारा माणूस

आमच्या पलूस तालुक्यात मार्च उजाडला की जळालेल्या मोटारी दुकानात यायला लागतात. वडील मोटारी भरतात, म्हणजे रिवाइंडिंग करतात. गेल्या उन्हाळ्यात एका वेळी अकरा मोटारी पडून होत्या, तिकडे शेतात ऊस वाळत होता आणि हात फक्त वडिलांचे. मी सुट्टीत घरी होतो, पण मला जळकी तार काढण्यापलीकडे काही येत नाही.

बोअरच्या बऱ्याच मोटारींत आत पाणी भरलेलं असतं. म्हणून त्यांच्या तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टन असतं आणि ती तार खाचांतून हाताने, एकेक वेढा करत ओवावी लागते. जुनी तार काढतानाच वेढे मोजायचे, तारेचा गेज मापायचा. वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि आठवड्यात परत दुकानात येते. हे भरवशाने जमायला मुलाला दोन-तीन वर्षं लागतात. वडिलांनी असे पाच जण तयार केले. पाचही गेले.

त्यांतला एक इथे बेंगळुरूत, पीन्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका रविवारी तो मला भेटायला शाळेत आला. मी विचारलंच, "दादा, गाव का सोडलंस?"

"पावसाळ्यात आण्णा तरी काय देणार? इथं बारा महिने पगार, पीएफ. आणि दुकानात कामाला आहे म्हटल्यावर पोरगी कोण देतंय?"

तिथे वेढे यंत्र मोजतं. हा फक्त तयार कॉइल बसवतो.

आमच्याच तालुक्यात ही अडचण शंभर वर्षांपूर्वी एकाने सोडवली होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. निवडुंग आणि साप, एवढंच तिथे होतं. तयार कारागीर कुठून मिळणार? शिक्षण अर्धवट राहिलेले अनंतराव फळणीकर तिथे कारखान्याचे इंजिनिअर झाले. शिकवलं की माणसं मिळतात, असा याचा अर्थ नेहमी सांगितला जातो. मला तो अर्धाच वाटतो. किर्लोस्करवाडीत कामाबरोबर घर होतं, मुलांना शाळा होती, म्हणून शिकलेला माणूस तिथे राहिला. शिकवणं माझ्या वडिलांनाही जमतं. बारा महिन्यांचं काम देणं जमत नाही.

सरकारी मदतही आमच्यापर्यंत पोचत नाही. २०१६ च्या योजनेत शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देतं. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार आस्थापनेत निदान चार माणसं लागतात. आमच्याकडे मालकच कामगार! शेजारच्या गावांतली अशी चार दुकानं मिळून एक धरावीत, असं माझं मत आहे.

यंदा जूनमध्ये वडिलांनी विहिरीवरच्या मोटारी पावसाळ्यातच तपासून घ्या, दर निम्मा, असं शेतकऱ्यांना सांगायला सुरुवात केली. गणपतीपर्यंत सात आल्या. सहावा मुलगा जुलैपासून दुकानात आहे, आणि आईने कालच फोनवर सांगितलं की परवा त्याने एक मोटार एकट्याने भरली.